बाबांना गंभीर अवस्थेत घरी आणत आहोत. डिस्चार्जपूर्वी घरच्यांनी काय काय शिकून घ्यावे?

माझ्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग असून तो पाठीच्या कण्यात पसरला आहे. केमोथेरपी थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलून झाला आहे आणि बाबांची स्वतःची इच्छा घरी येण्याची आहे. डिस्चार्जला चार दिवस उरले आहेत. घरी त्यांचे सगळे करणार आम्ही तिघे, म्हणजे ६८ वर्षांची आई, मी आणि धाकटा भाऊ.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका रुग्णालयातून आम्ही त्यांना घरी आणले होते, ते जेमतेम नऊ दिवसांसाठी. त्या वेळी सगळ्या सूचना बिल भरण्याच्या धावपळीत, उभ्या उभ्या दिल्या गेल्या आणि आम्ही मान डोलावत राहिलो. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयापेक्षा खालच्या पातळीवर हवी, नाहीतर लघवी उलटी वर जाऊन जंतुसंसर्गाचा धोका असतो, हे कोणी सांगितलेच नाही. नळी ताणली जाऊ नये म्हणून भाऊ ती पिशवी रोज अंथरुणावर, बाबांच्या पायांपाशी ठेवत होता. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचे औषध रोज द्यायचे असते, पण "खाणेच दोन घास, मग जुलाबाचे औषध कशाला?" असे म्हणून आईने ते बंद केले. पाच दिवस शौचाला झाली नाही आणि पोटाच्या त्या दुखण्याने बाबा कर्करोगाच्या वेदनेपेक्षा जास्त तळमळले. आईने हे अजून स्वतःला माफ केलेले नाही.

म्हणून या वेळी मी वॉर्डमधल्या सिस्टरांना विनंती केली की, आम्हाला नुसते सांगू नका, तुमच्यासमोर आमच्या हातून करून घ्या. काल त्यांनी मला बाबांची कूस बदलायला लावली. कण्यात गाठी असल्यामुळे खांदा आणि कंबर एकाच वेळी वळली पाहिजे, पाठीला पीळ पडता कामा नये. त्यासाठी अंगाखालच्या दुमडलेल्या चादरीला दोघांनी धरून, एकाने मोजून, एकदमच वळवायचे. मी क्षणभर आधी ओढले. बाबा काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी पलंगाचा कठडा घट्ट पकडला. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी कठड्याला हात लावला नाही. कागदावरच्या सूचनेतून हे मला कधीच कळले नसते.

ज्यांनी आपल्या माणसाची घरी शुश्रूषा केली आहे, त्यांनी कृपया सांगावे की या चार दिवसांत आणखी कोणत्या गोष्टी स्वतःच्या हाताने करून घ्याव्यात. तोंडाची स्वच्छता आणि अंथरुणातच अंग पुसणे आम्हाला जमू लागले आहे. चिंता रात्रीची आहे. माकडहाड आणि टाचांवर जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितले आहे. हवेची गादी घेतली तरी कूस बदलावी लागतेच, हेही समजले. पण मोठ्या मुश्किलीने डोळा लागलेल्या माणसाला त्यासाठी उठवावे का? आणि आईला वजन उचलू न देता तिघांत रात्री कशा वाटून घ्याव्यात?

दुसरा प्रश्न मॉर्फिनचा. दुखणे वाढण्याची वाट न पाहता ते घड्याळाप्रमाणे द्यायचे आणि मध्येच कळ उठली तर ठरवून दिलेला जादा डोस द्यायचा, हे डॉक्टरांनी समजावले आहे. जादा डोसांची वेळ लिहायला वही केली आहे. तरीही आईला वाटते की मॉर्फिनची सवय लागेल, किंवा एखादा डोस तिच्या हातून शेवटचा ठरेल. मी समजावतो तेव्हा ती ऐकून घेते, पण गोळी काढताना तिचा हात थरथरतो. हे डॉक्टरांनीच तिच्याशी वेगळे बसून बोलावे का? तुमच्या घरी ही भीती कशाने गेली?

पाय अचानक लुळे पडले किंवा बधिर झाले तर क्षणभरही न थांबता कळवायचे, एवढे ठाऊक आहे. मात्र रात्री दम लागला, तर कोणाला फोन करायचा, घरी काय द्यायचे आणि बाबांना परत न्यायचे की नाही, हे आधीच लिहून घेता येते का? भाऊ म्हणतो की न्यायचेच. बाबा म्हणतात की आता नको. हे बोलणे डिस्चार्जपूर्वी, बाबांच्या समोर आणि डॉक्टरांच्या उपस्थितीत व्हावे असे मला वाटते. ज्यांनी ते केले आहे, त्यांनी सुरुवात कशी केली?