सालाझार: पक्ष नाही, फौज नाही, सभा नाहीत, तरी सत्ता कशी मिळाली?

शेवंतीमाळ:
गोवामुक्तीबद्दल वाचताना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं नाव पानोपानी येतं, पण तो सत्तेवर आला कसा हे कुठे नीट सापडत नाही. मुसोलिनी, हिटलर यांच्यामागे गणवेशातली पोरं होती, पक्ष होता, चौकातली भाषणं होती. हा तर कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९३२ ते १९६८, म्हणजे ३६ वर्षं पंतप्रधान! लोकांचा खरंच पाठिंबा होता का? टप्प्याटप्प्याने कुणी सांगेल का? आणि गोव्यात हे कसं राबवलं गेलं, तेही.

जमाखर्च:
उत्तर त्याच्या अर्थखात्यात आहे. सालाझारने सत्ता बंदुकीने घेतली नाही. बंदूक ज्यांच्या हातात होती त्यांची तिजोरी ताब्यात घेतली.

आधीची परिस्थिती बघा. १९१० साली राजेशाही गेली आणि पुढच्या १६ वर्षांत सुमारे ४५ सरकारं आली-गेली. पहिल्या महायुद्धात उतरल्यामुळे कर्ज आणि महागाई वाढली. त्यातच डिसेंबर १९२५ मध्ये आल्व्हिश रेइश या भामट्याचं प्रकरण फुटलं. बनावट करारपत्रं दाखवून त्याने खऱ्या छापखान्यातूनच ५०० एस्कुदोच्या (एस्कुदो म्हणजे तिथलं चलन) लाखो नोटा छापून घेतल्या होत्या. हातातली नोट खरी की खोटी हे कळेना, तेव्हा प्रजासत्ताकावरचा उरलासुरला विश्वासही गेला. २८ मे १९२६ ला लष्कराने उठाव केला तेव्हा ते वाचवायला फारसं कुणी पुढे आलं नाही.

पण सेनापतींना हिशेब जमेना. त्यांनी राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्स) १ कोटी २० लाख पौंडांचं कर्ज मागितलं. राष्ट्रसंघाने देशाच्या अर्थव्यवहारावर देखरेखीची अट घातली, ती मानहानी वाटून बोलणी फिसकटली. सालाझार १९२६ मध्ये काही दिवस अर्थमंत्री झाला होता, मनासारखे अधिकार मिळेनात म्हणून परत कोइंब्राला गेला. एप्रिल १९२८ मध्ये पुन्हा बोलावणं आलं तेव्हा त्याने अटी आधी मान्य करून घेतल्या: प्रत्येक खात्याने अर्थखातं ठरवून देईल त्या रकमेतच भागवायचं, जमाखर्चावर परिणाम करणारा कुठलाही निर्णय त्याला विचारून घ्यायचा आणि वाढीव खर्चावर त्याचा नकाराधिकार राहील. लष्करी सरकारातल्या एका मंत्र्याच्या हाती यामुळे सगळ्या मंत्र्यांच्या नाड्या आल्या, लष्कराच्याही.

पहिल्याच वर्षी अंदाजपत्रकात शिल्लक दाखवली. कर वाढवले, खर्च छाटले. गरिबाच्या ताटात त्यामुळे काही जास्त पडलं नाही, पण 'हिशेब जुळवणारा माणूस' ही प्रतिमा तयार झाली आणि पुढची चाळीस वर्षं तीच वापरली गेली. पंतप्रधान झाल्यावरही १९४० पर्यंत त्याने अर्थखातं सोडलं नाही.

उंबरठा:
जमाखर्च यांच्याशी सहमत, पण तिजोरीने फक्त दार उघडलं. आत कायमचं बसण्यासाठी राज्यघटना लागली.

५ जुलै १९३२ ला पंतप्रधान, आणि १९ मार्च १९३३ ला नव्या घटनेवर सार्वमत. नोंदलेले मतदार साधारण १३ लाख, देशाची लोकसंख्या ६८ लाखांच्या आसपास. जे मत द्यायला आले नाहीत त्यांचं मत 'होय' धरलं. 'नाही' म्हणणारे सहा हजारांच्या आसपास निघाले. असल्या आकड्यांतून पाठिंबा मोजायचा म्हणजे बंद पडलेल्या काट्यावर वजन करणं.

'राष्ट्रीय संघ' नावाची संघटना १९३० सालीच काढली होती. तिला पक्ष म्हणायचं नाही असा दंडक होता, आणि दुसऱ्या पक्षांना जागा नव्हती. सप्टेंबर १९३३ च्या कामगार कायद्याने स्वतंत्र कामगार संघटना मोडल्या. जानेवारी १९३४ मध्ये त्याविरुद्ध संप झाला तो चिरडला. उजवीकडच्यांनाही सोडलं नाही हे विसरू नका. निळ्या शर्टवाल्या, फॅसिस्ट वळणाच्या राष्ट्रीय सिंडिकलिस्टांवर त्याच वर्षी बंदी आली. फौजेसारखी शिस्त असलेली दुसऱ्याची संघटना त्याला डाव्यांइतकीच नको होती.

रानमोगरी:
मूळ प्रश्न निष्ठेचा आहे, म्हणून त्यावर थोडं. 'लोकप्रिय होता' आणि 'फक्त भीती होती' ही दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात. हिटलरला लोक रस्त्यावर हवे होते, सालाझारला ते घरात हवे होते. राजकारण हे आपलं काम नाही, ते 'डॉक्टर सालाझार' बघतील, ही सवय लागली की त्याचं काम झालं.

ही सवय कशी लावली? चर्च होतं: लिस्बनचे पॅट्रिआर्क (मुख्य धर्मगुरू) सेरेजेइरा त्याचे कोइंब्रापासूनचे मित्र. प्रजासत्ताकाने चर्चला दुखावलं होतं, त्यामुळे खेड्यातला पाद्री आपसूक नव्या राजवटीच्या बाजूला गेला. 'देव, देश, कुटुंब' ही घोषणा भित्तिचित्रांवरून शाळांच्या वर्गांत लागली. १९३३ मध्ये प्रचार खातं निघालं, त्यावर आंतोनियु फेऱु हा पत्रकार नेमला. त्याने सालाझारचा साधेपणा विकला: अविवाहित, काटकसरी, शेतकऱ्याचा मुलगा. भाषणं कमी दिल्याने लोकांना तो कंटाळवाणा नाही, गंभीर वाटला.

वृत्तपत्रांवर 'तपासले आहे' असा सेन्सॉरचा शिक्का असे. शिक्का उघड होता, पण काय कापलं ते दिसत नसे. सरकारची चूक छापूनच येत नाही म्हटल्यावर चुका होत नाहीत असं वाटू लागतं.

आणि पोट. १९३५ च्या हुकूमाने राजवटीला प्रतिकूल ठरवलेल्या सरकारी नोकराला काढता येत असे. १९३६ पासून सरकारी नोकरीसाठी साम्यवाद नाकारल्याचं प्रतिज्ञापत्र लागे. त्याच वर्षी केप व्हर्दे या आफ्रिकेजवळच्या वसाहतीत राजकीय कैद्यांसाठी ताराफालची छावणी सुरू झाली. गुप्त पोलिसांना सगळ्यांना धरावं लागत नव्हतं. शिक्षक, कारकून, टपालवाला आपणहून जपून बोलू लागले. याला मी निष्ठा म्हणणार नाही, पण बाहेरून ती तशीच दिसते.

मांडवीतीर:
गोव्याचं सांगतो. १९१० च्या प्रजासत्ताकाने हिंदूंना बरोबरीचे हक्क दिले होते, मराठी नियतकालिकं, शाळा, वाचनालयं वाढली होती. १९३० च्या वसाहत कायद्याने दिशा उलटी केली. वसाहती बाळगणं आणि तिथल्या लोकांना 'सुधारणं' हे पोर्तुगीज राष्ट्राचं मूळ कार्यच आहे, असं त्यात लिहिलं. लुईस मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात त्याच वर्षी याला विरोध नोंदवला. पुढे लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून घ्याव्या लागत. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांच्या सभेनंतर धरपकड सुरू झाली. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने ८ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं.

१९५१ मध्ये घटनेत 'वसाहत' हा शब्द बदलून 'सागरपार प्रांत' केला. गोवा हा देशाचाच भाग ठरवल्यावर बोलणी कशाची करायची? डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारने गव्हर्नर वासालु इ सिल्व्हा यांना शेवटपर्यंत लढा, शरणागती नाही, असा आदेश दिला. त्यांनी तो न पाळता माणसं वाचवली. बक्षीस म्हणून १९६३ मध्ये लष्करातून बडतर्फी.

शेवंतीमाळ:
सगळ्यांचे आभार, खूप उलगडलं. एकच राहिलं: ही घडी कुठे सैल झाली?

उंबरठा:
१९५८ मध्ये. घटनेनुसार पंतप्रधानाला काढायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला होता, आणि अध्यक्ष थेट मतदानाने निवडला जाई. जनरल कार्मोना अध्यक्ष होते तोवर ही फट फारशी धोक्याची ठरली नाही. मग जनरल उंबेर्तु देल्गादु उभे राहिले आणि निवडून आल्यास सालाझारला काढणार असं त्यांनी पत्रकारांसमोर सरळ सांगितलं. पोर्तुमध्ये रस्ते भरले. घरात बसवलेले लोक बाहेर आले होते. अधिकृत निकालात त्यांना चौथ्या हिश्श्याहून थोडी कमी मतं दाखवली.

सालाझारला धोका बरोबर कळला. १९५९ मध्ये घटना बदलून अध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द केली. देल्गादु देश सोडून गेले. फेब्रुवारी १९६५ मध्ये गुप्त पोलिसांनी त्यांना स्पेनच्या सीमेजवळ बोलावून ठार मारलं.