मदत हवी आहे: घटस्फोटाच्या केसमध्ये नवरा सापडत नाही, जाहीर समन्स (पेपरात छापायचं कोर्टाचं बोलावणं) कोणत्या पेपरात द्यायचा?

दर्यापूर तालुक्यातल्या एका ताईंसाठी विचारतोय. नवरा ३ वर्षांपूर्वी सुरतला कामाला गेला, तेव्हापासून ना फोन ना पैसा. घटस्फोटासाठी लोक ७ वर्षं थांबा म्हणतात, ते चूक. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये २ वर्षांचा परित्यागही (जोडीदाराला सोडून जाणं) चालतो. ताई माहेरी राहतात, त्यामुळे याचिका इथेच टाकली.

घोडं अडलंय समन्सवर. बेलिफ (समन्स पोचवणारा कोर्टाचा कर्मचारी) सासरच्या घरून ‘सदर इसम गावी राहत नाही’ असा शेरा घेऊन आला, रजिस्टर पाकीटही परत. आता दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० खाली जाहीर समन्सचा अर्ज द्यायचाय. तो शेवटच्या माहीत ठिकाणी खपणाऱ्या दैनिकात लागतो. मग सुरतचं गुजराती की अमरावतीचं मराठी? माझ्या मते दोन्ही. कारण मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ साठी पेपरातला समन्स रीतसर बजावणी धरत नाहीत. एकतर्फी हुकूमनाम्यानंतर (नवऱ्याच्या गैरहजेरीत झालेल्या निकालानंतर) नवरा उगवला, तर तो रद्द करून मागायची ३० दिवसांची मुदत त्याला कळल्यापासून सुरू होते, म्हणून त्याला आत्ताच कळण्याची शक्यता जितकी जास्त तितकं बरं.

शोधाच्या शपथपत्रासोबत पोलीस पाटलाचा दाखला, मिसिंगच्या नोंदीची नक्कल आणि दिराचं शपथपत्र लावतोय. आणखी काय मागतात? वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत आहेत, पण दोन पेपरांच्या जाहिरातीचा खर्च तिथून कोणाला मिळालाय का?