दोन भावांचे एक घर: जिना आतून घ्यावा की बाहेरून?

कृष्णाकाठ
कराडजवळ ३० बाय ४० फुटांच्या जागेवर आम्ही दोघे भाऊ तळमजला आणि वर एक मजला असे घर बांधत आहोत. खाली आई आणि माझे कुटुंब, वर धाकटा भाऊ, असे ठरले आहे. नकाशातले बाकी सगळे जुळले, पण जिन्यापाशी घोडे अडले आहे. भावाला जिना बाहेरून हवा आहे. माझ्या मते तो दिवाणखान्यालगत, आतूनच असावा, कारण बाहेरच्या जिन्याने एका घराची दोन बिऱ्हाडे होतील आणि एकाहत्तर वर्षांच्या आईचे वर जाणे हळूहळू थांबेल, अशी मला खरोखरच भीती वाटते. जाणकारांनी मते मांडावीत.

माजघर
मी आपल्या भावाच्या बाजूची आहे. आमच्या घरात जिना दिवाणखान्यातून जातो आणि धाकटे दीर दुसऱ्या पाळीहून रात्री एक वाजता येतात. दार सासरे उघडतात, कारण ते तिथेच दिवाणावर झोपतात, आणि दीर चपला हातात घेऊन अंधारात वर जातात. गेली नऊ वर्षे हे असेच चालले आहे. वरच्या सुनेच्या माहेरची माणसे आली तरी त्यांना आमच्या दिवाणखान्यातूनच जावे लागते. शिवाय उद्या मुले शिकायला बाहेर गेली आणि वरचा मजला भाड्याने द्यायचा झाला, तर आतल्या जिन्याचे काय करणार?

अंगणी
माजघर यांची अडचण खरी आहे, तरी बाहेरच्या जिन्याला माझा ठाम विरोध आहे. माझे बालपण आजऱ्याच्या पावसात आणि बाहेरच्या जिन्याच्या घरात गेले. जून ते सप्टेंबर पायऱ्यांवर शेवाळ धरायचे; आई दर रविवारी खराट्याने ते घासायची. वर काकूंकडे आमटी पोचवायची, तर एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पातेले, मग कठडा धरायला हात कुठून आणायचा? शेवटी पावसाळ्यात पातेली जाणेच बंद झाले. वर पत्रा घातला तरी कडेने झड आत येतेच. सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, जिना घेता येतो का, हेही नकाशा मंजुरीला देण्याआधीच विचारून घ्या.

ओळंबा
बावीस वर्षे साइटवर देखरेख करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जिना इमारतीच्या आतच, पण पुढच्या कोपऱ्यात घ्यावा आणि त्याला व्हरांड्यातून स्वतंत्र दार द्यावे; दिवाणखान्यातून जिन्यात उघडणारे दुसरे दार ठेवावे. भाऊ रात्री पहिल्या दाराने वर जाईल, आई दिवसा दुसऱ्या दाराने जातील, आणि पुढे भाडेकरू आलाच तर आतले दार लावून घेता येईल.

आता मापे. फरशीपासून फरशीपर्यंत १० फूट आणि रायझर, म्हणजे एका पायरीची उभी उंची, ६ इंच धरला, तर २० रायझर होतात. मध्ये चौक, म्हणजे वळणाची सपाट जागा, घेऊन दहा-दहाचे दोन टप्पे केले, की प्रत्येक टप्प्यात ९ पायऱ्या येतात; दहावा रायझर थेट चौकावर किंवा वरच्या मजल्यावर नेतो. ट्रेड (पाऊल टेकायची आडवी खोली) ११ इंच आणि जिन्याची रुंदी सव्वातीन फूट घेतली, तर चौकासह सुमारे साडेअकरा फूट बाय पावणेसात फूट, म्हणजे जवळपास ७८ चौरस फूट जागा लागते. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्यासाठी ट्रेड किमान २५० मिलिमीटर आणि रायझर जास्तीत जास्त १९० मिलिमीटर सांगितला आहे. पण ती मर्यादा आहे. वयस्कर गुडघ्यांसाठी त्या टोकाला जाऊ नये.

एक चूक मात्र मी वारंवार पाहतो. काँक्रीट ओतताना सगळ्या पायऱ्या सारख्या धरतात आणि फरशीची जाडी हिशेबात घेत नाहीत. मग खोल्यांतली फरशी मसाल्यासह तीन इंच वर येते, पायऱ्यांवरचा ग्रॅनाइट मसाल्यासह दीड इंचाचा असतो, आणि त्यामुळे सर्वांत खालची पायरी दीड इंचाने बुटकी, तर सर्वांत वरची तेवढीच उंच होते. पावलाला एकदा मापाची सवय झाली की ते खाली न पाहता पडते, आणि माणूस नेमका त्या शेवटच्या पायरीवर ठेचकाळतो. सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावण्याआधी तयार फरशीची पातळी भिंतीवर आखून घ्या.

सरळमार्गी
ओळंबा यांच्याशी असहमत आहे. लहान प्लॉटवर भिंतीलगतचा सरळ जिनाच परवडतो. चौकाच्या वळणावर आमचे लोखंडी कपाट अडकले आणि शेवटी दोरांनी गच्चीवरून चढवावे लागले.

ओळंबा
कपाटाचा मुद्दा मान्य आहे, म्हणूनच चौक टप्प्याच्या रुंदीपेक्षा अरुंद कधीच ठेवू नये आणि वळणावर त्रिकोणी पायऱ्या घालू नयेत. पण एका टप्प्यात सलग २० रायझर संहितेला मान्य नाहीत, तेव्हा सरळ जिन्यातही मध्ये चौक येतोच आणि लांबी पावणेवीस फुटांवर जाते. वाचतात ते जेमतेम १४ चौरस फूट. आणि तोल गेलेला माणूस पाच फुटांवरच्या चौकात थांबतो, हे माझ्या लेखी त्या जागेपेक्षा फार मोठे आहे.

अंगणी
वडीलधाऱ्यांना पायऱ्या विषम संख्येतच हव्या असतील तर?

ओळंबा
१९ रायझर घ्या. प्रत्येकी सव्वासहा इंचांच्या किंचित वर येतो. चढायला काहीच त्रास नाही.

कृष्णाकाठ
सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज सकाळी जागेवर पुढच्या कोपऱ्यात फक्की मारून साडेअकरा बाय पावणेसातचा चौकोन आखला. आई त्यात उभी राहून म्हणाली, "चौकात एक खिडकी ठेवा, मला दम खायला बसता येईल." भावाला स्वतंत्र दार पटले आहे, पण आतल्या दाराची कडी त्याला जिन्याच्या बाजूने हवी आहे, आणि मला ती दिवाणखान्याच्या बाजूने. माजघर, आपल्या अनुभवातून सांगा, ती कोणत्या बाजूला असावी?

माजघर
दोन्ही बाजूंनी लावा. माझ्या जावेला विचारले, तीही हेच म्हणाली.