प्रति: रास्पबेरी पाय बूट होताना मध्येच अडकतो

रास्पबेरी पाय (एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर) सुरू होताना मध्येच अडकतो आणि स्क्रीन काळी म्हणताय, मग वर कुणी सुचवलेल्या एसएसएचचा (नेटवर्कवरून लॉगिन करण्याचा) नाद सोडा, नेटवर्क यायच्या आधीच गचकतंय ते. सीरियल कन्सोल लावा, म्हणजे पायचे बूट मेसेज केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसतील. केबल मात्र ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएलच घ्या, जुनी आरएस-२३२ (जास्त व्होल्टेजची सीरियल केबल) थेट जोडलीत तर पायचं भजं होईल. पायची पिन ६ ग्राउंड, ८ म्हणजे पायचा टीएक्स (पाठवणारी पिन) तो केबलच्या आरएक्सला (घेणारी), १० चं उलट, आणि वीज देणारी लाल वायर मोकळीच ठेवा, पायला त्याचा अडॅप्टर आहे ना. कॉन्फिगमध्ये (config.txt) इनेबल यूआर्ट १ (enable_uart=1, म्हणजे सीरियल पोर्ट चालू), स्पीड ११५२००, कर्नलच्या ओळीतला (cmdline.txt) 'क्वाएट' (quiet) उडवा, नाहीतर कामाचे मेसेजच दिसत नाहीत. अक्षरं येतात पण टाइप केलेलं पोचत नाही असं झालं तर मिनिकॉम (केबलवरचे मेसेज दाखवणारा प्रोग्रॅम) मधला हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा. शेवटच्या दहाबारा ओळी इथे टाका, मग बघू.