मदत हवी आहे : घरून चित्रकाम आणि विस्कटलेली दिनचर्या

नमस्कार. दिवाळी अंकांसाठी मी घरूनच रेखाटने करते आणि श्रावण सरला की कामाचा असा रेटा येतो की सकाळी ओट्यावर झाकून ठेवलेला चहा दुपारी साय धरलेला सापडतो. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहण्याचा नियम मी पाळते (समोरच्या गॅलरीतील तुळशीची कुंडी त्यासाठी कामी येते), परंतु आखडलेली मान आणि रात्री एक वाजता सुचलेल्या कल्पनेपायी उडणारी झोप यांवर उपाय सापडलेला नाही. मध्येच उठले की रेषेची लय तुटते, म्हणून लावलेला गजरही मीच बंद करते. घरातूनच कलाकाम करणाऱ्यांनी कामाची वेळ कशी आवरती घेतली आणि सुचलेले निसटू न देता झोप कशी सांभाळली, हे कृपया सविस्तर कळवावे.