दीड वर्षाच्या गाडीतून इंजिन ऑइल गळतंय: वॉरंटीत गिअरबॉक्स उतरवू द्यावा का?

नमस्कार मंडळी,

गाड्यांमधल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे.

गाडी पेट्रोल, १.२ लिटर, तीन सिलिंडर, टर्बो नाही, हाताने टाकायचे गिअर. दीड वर्षापूर्वी शोरूममधून नवी घेतली, आता २९,००० किमीच्या आसपास झालेत. वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किमी, यातलं जे आधी होईल ते. बायको पाटणच्या बाजूला शाळेत शिकवते, कराडहून रोज हीच गाडी नेते. सुट्टीत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आईबाबांकडे जाणं असतं. त्यामुळे किलोमीटर भराभर वाढतात आणि वॉरंटी तारीख आणि किलोमीटर, दोन्ही बाजूंनी जवळपास एकाच वेळी संपत आलीय. कंपनीचं आणि वर्कशॉपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण काढायचं नाहीये, गाडी नीट व्हायला हवी आहे.

पार्किंगच्या शहाबादी फरशीवर आधी एक डाग दिसला. एसीचं पाणी असेल म्हणून सोडून देता आलं असतं, पण तो वाळेना. बोट लावून पाहिलं तर तपकिरी, बुळबुळीत. मग रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरायला सुरुवात केली. सकाळी त्यावर थेंब, आणि तेही साधारण एकाच जागी: इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्याच्या खाली. सपाट जागेवर, गाडी बंद करून दहा मिनिटं थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पाहिली, तर पातळी वरच्या खुणेपासून बरीच खाली आलेली. नुकतीच सर्व्हिसिंग होऊन ऑइल बदललेलं असताना हे कसं, हाच माझा पहिला प्रश्न.

वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा नेली तेव्हा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने खालून टॉर्च मारला आणि सांगितलं, "साहेब, हे नुसतं स्वेटिंग आहे, सगळ्याच गाड्यांना येतं." म्हणजे गळती नाही, जोडांवर नुसती ओल. ऑइल वरून भरून दिलं. जॉबकार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) मात्र 'जनरल चेकअप' एवढंच. गळतीची तक्रार नाही, किती ऑइल भरलं त्याची नोंद नाही. थेंब थांबले नाहीत म्हणून पुन्हा नेली, तर या वेळी रॅम्पवर चढवून लगेच निदान झालं: क्रँकचं मागचं ऑइल सील (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या मागच्या टोकाशी ऑइल अडवणारी रिंग) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, गाडी चार-पाच दिवस सोडा, वॉरंटीत होईल. इंजिन धुऊन, पुसून पाहिलंत का विचारलं, तर नाही.

इथेच मी अडलोय. सील खरंच गेलं असेल तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही हे मलाही कळतं. ते सील फ्लायव्हीलच्या (क्लच ज्यावर बसतो त्या जड चकतीच्या) मागे बसतं, तिथे पोचायचं तर गिअरबॉक्स आणि क्लच काढायलाच लागतात. दुरुस्ती टाळली आणि ऑइल क्लचप्लेटवर गेलं तर क्लच घसरणार, आणि कुंभार्लीच्या चढावर क्लच घसरलेला मला परवडणार नाही. पण ऑइल जिथे टपकतं तिथूनच ते गळत असतं असं नाही ना? ते वरून ओघळत येतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या टोकाला जमतं. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून निघालं तरी शेवटी थेंब त्याच जोडावर पडू शकतो. ऑइल प्रेशर स्विच गळत असला तरी तसंच. त्यात आमच्या गाडीला इंजिनाखाली प्लॅस्टिकचं कव्हर आहे. त्यात ऑइल साठतं आणि भलत्याच कोपऱ्यातून बाहेर येतं.

दुसरं म्हणजे, सर्व्हिसिंगमध्ये ज्या दोन गोष्टींना हात लागला त्या आधी तपासायला नकोत का? ऑइल फिल्टर आणि इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा, जुनं ऑइल सोडायचा ड्रेन नट. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर आवळला तर तिथून ऑइल येतं, हे मी ऐकलंय. ड्रेन नटाचा वायसर (वॉशर) दर वेळी नवा टाकायचा असतो. आमच्या बिलावर ऑइल आहे, फिल्टर आहे, वायसर नाही. कदाचित टाकला असेल आणि लिहिला नसेल, पण ज्या बिलाचे मी पैसे भरलेत त्यावर तो दिसायला हवा.

घराजवळच्या ओळखीच्या मिस्त्रींनी फक्त खालून पाहिलं. वॉरंटीचा प्रश्न असल्यामुळे पाना लावायला त्यांनी स्वतःहूनच नकार दिला. त्यांचं म्हणणं: आधी इंजिन डिग्रीझरने धुवा, कोरडं करा, पन्नासेक किलोमीटर चालवा आणि मग वरून खाली बघत या. ओल सगळ्यात वर जिथे दिसेल तिथे गळती. मला हे पटलं. ऑइलमध्ये रंगद्रव्य टाकून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघायची सोय वर्कशॉपकडे असते, तर ती न वापरता थेट नव्या गाडीचा गिअरबॉक्स का उतरवायचा? एकदा तो उतरला की अ‍ॅक्सल निघणार, माउंटिंग सैल होणार, वायरिंगचे सॉकेट सुटणार. कंपनीत बसवलेलं पुन्हा तसंच बसेल का, ही धास्ती आहे.

आणखी एक शंका. इंजिनातली वाफ ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला तर आत दाब वाढतो आणि चांगलं सीलही गळायला लागतं. तो न बघता नुसतं सील बदललं तर काही महिन्यांनी पुन्हा तेच होईल. नव्या गाडीत असं झाल्याचा कुणाला अनुभव आहे का?

तोवर गाडी चालवावी का, हेही सांगा. सध्या बायको एसटीने जाते. लाल ऑइलचा दिवा एकदाही लागलेला नाही, पण तो दिवा दाब पडल्यावर लागतो, पातळी कमी झाली म्हणून आधीच सावध करत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर मी राहत नाही. गरम सायलेन्सरवर ऑइल पडलं तर पेट घेण्याची भीती असते. अजून धूर किंवा जळका वास आलेला नाही.

भर: प्रतिसादांत विचारलेल्या गोष्टी इथेच लिहितो. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तसा या थेंबांना नाही. कूलंटची पातळी जागच्या जागी आहे. ब्रेक ऑइलही कमी झालेलं नाही. पुठ्ठ्याचे आणि डिपस्टिकचे फोटो तारखेसह काढून ठेवलेत.

तुमच्यापैकी काहींनी सगळं लेखी घ्या म्हणून बजावलंत, त्याबद्दल मनापासून आभार. त्याप्रमाणे वर्कशॉपला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला: गळतीची तक्रार कोणत्या किलोमीटरला नोंदवली, किती ऑइल भरलं, आणि वॉरंटी संपल्यावर हीच गळती पुन्हा झाली तर ती जुनीच तक्रार मानावी. आता इंजिन धुऊन रंगद्रव्याने तपासायला ते तयार झालेत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ चा नंबरही जवळ ठेवलाय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आमच्यासाठी सातारा. पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, कारण न्याय मिळेपर्यंत गाडी तर रोज लागणारच.

आता मुख्य अडचण एकच उरली आहे. तपासणीत मागचंच सील निघालं आणि क्लचप्लेटला ऑइल लागलेलं असलं तर ती प्लेट कोणी द्यायची? अ‍ॅडव्हायझर आत्ताच म्हणतोय की क्लच झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. माझं म्हणणं असं की प्लेट झिजलेली नाही, कंपनीच्या सीलमुळे खराब झाली, मग खर्च मी का भरायचा? वॉरंटीत असं काम करून घेतलेल्यांनी कृपया लिहा: तुम्हाला क्लचप्लेट मिळाली का, आणि मिळाली असेल तर जॉबकार्डवर नेमकं काय लिहून घेतलं होतं?