मदत हवी आहे: दुकानाच्या सर्च अहवालातला 'निकाल नाही' हा आकडा कितपत खरा धरायचा?

नमस्कार मंडळी,

मी निपाणीची. सासऱ्यांचं चपलांचं दुकान आहे. माल अथणी आणि मदभावीच्या कारागिरांकडून येतो, थोडा इथेच निपाणीत करून घेतो. दोन वर्षांपूर्वी शॉपिफायवर ऑनलाइन दुकान काढलं, ते मी बघते. ऑर्डरी बऱ्या येतात, पण गेल्या महिन्यात पुण्याच्या एका बाईंचा फोन आला आणि तेव्हापासून माझं डोकं एकाच गोष्टीत अडकलंय.

त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे कानवाली नाही का हो? मी नाव टाकून बघितलं, काहीच सापडलं नाही म्हणतंय."

आमच्याकडे कानवाल्या अकरा तऱ्हेच्या आहेत! कान म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंना शिवलेल्या, बाहेर झुकणाऱ्या पाकळ्या. अथणीच्या कामाची ओळखच ती. पण साइट बनवून देणाऱ्याने सगळ्या चपलांना 'हँडमेड एथनिक लेदर फ्लॅट' अशी इंग्रजी नावं दिली होती, आणि तेव्हा मला ती छान वाटली होती. कान, वेणी, पट्टा, अंगठा, करकरी (चालताना करकर वाजणारी) यातला एकही शब्द आमच्या दुकानात कुठेच नव्हता. सासरे चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाकडून हेच शब्द ऐकत आलेत. तेच शब्द ऑनलाइन गिऱ्हाइकाने टाकले की आमचंच दुकान त्याला 'नाही' म्हणून परत पाठवतं. हे मला फार लागलं.

म्हणून एक सर्च अ‍ॅनालिटिक्स अ‍ॅप बसवलं. लोक सर्च बॉक्समध्ये काय टाकतात, कशावर क्लिक करतात, कशाला निकाल मिळत नाही, हे ते दाखवतं. अ‍ॅपचं नाव देत नाही, कारण चूक त्याची आहे की माझ्या मांडणीची हेच अजून कळलेलं नाही. चाचणीची मुदत संपत आलीय, पुढे दरमहा पैसे भरावे लागतील.

आता अडचण. ३० दिवसांत ६१२ सर्च झाले आणि त्यातले २३५ 'निकाल नाही', असं ते सांगतं. शंभरातले अडतीस! बघून पोटात गोळाच आला. पण यादी उघडली तर त्यात 'क', 'कान', 'कानव', 'कानवा' असे तुकडेच तुकडे. मध्येच इंग्रजी अक्षरांत अर्धवट काहीतरी आणि लगेच खाली तेच देवनागरीत. काही सर्च चक्क रात्री अकराचे आहेत, आणि त्या वेळी मीच मोबाइलवर तपासत बसले होते हे मला पक्कं आठवतंय.

दुसरं म्हणजे लिप्या. आमचं गिऱ्हाईक तीन लिप्यांत टाइप करतं. पुण्या-मुंबईचं बहुतेक इंग्रजी अक्षरांत, कोल्हापूर-सांगलीचं बरंचसं देवनागरीत, आणि हुबळी-धारवाड-बागलकोटचं कन्नडमध्ये. 'अथणी' कोणी 'अथनी' लिहितं. 'पायताण' आणि 'पायतान' दोन्ही येतात. शिवाय 'बेळगाव चप्पल' असं शोधणाऱ्याला काही मिळत नाही, कारण पत्त्यात २०१४ पासूनचं सरकारी नाव 'बेळगावी' आहे आणि दुकानभर तेवढंच लिहिलंय. घरात आम्ही कुणीही बेळगावशिवाय दुसरं नाव घेत नाही, तरी हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तिसरं, गूगल सर्च कन्सोल (गूगलवर कोणते शब्द शोधताना आपली साइट दिसली ते सांगणारं) बघितलं तर तिथे वेगळीच यादी आहे. वर 'ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल' आणि त्याचे भाऊबंद, कान-बिन फार खाली. मग खरं कोणतं मानू?

मला एवढंच हवंय: कोणते शब्द खरे गिऱ्हाइकाचे, हे ओळखायचं कसं? आणि या आकाराच्या दुकानाला अ‍ॅपसाठी पैसे भरणं योग्य आहे का?

प्रतिसाद, खानापूरचा काजूवाला:

ताई, घाबरू नका. माझ्याकडे बी हेच झालं होतं की. तुमच्या सर्च बॉक्समध्ये टाइप करता करता खाली सुचवण्या येतात ना? अ‍ॅप प्रत्येक अक्षराला एक सर्च मोजतंय. सेटिंगमध्ये किमान अक्षरं आणि किती वेळ थांबून नोंद घ्यायची, हे दोन्ही असतं काय बघा. मी थांबायची वेळ वाढवली आणि यादी निम्म्यावर आली.

एक सांगतो, किमान अक्षरं तीन ठेवली म्हणून देवनागरीचं भागत नाही. 'को' म्हणजे संगणकाला दोन अक्षरं, क वेगळा आणि काना-मात्रा वेगळी. 'कोल्' टाकलं की चार झाली. म्हणजे आपल्याला शब्द अर्धाच दिसतो आणि त्याला वाटतं भरपूर झालं.

प्रतिसाद, मूळ वडगाव, सध्या पुणे (सॉफ्टवेअर):

वरच्या दादांचं बरोबर आहे, त्यात एक भर घालतो. मोबाइलवर बरेच जण इंग्रजी अक्षरं टाइप करून मराठी उमटवतात. शब्द पुरा होईपर्यंत बॉक्समध्ये इंग्रजी अक्षरंच असतात, स्पेस दिल्यावर ती देवनागरी होतात. मधल्या प्रत्येक टप्प्याला सर्च सुटतो. तुम्हाला 'इंग्रजी अर्धवट आणि लगेच खाली देवनागरी' दिसतंय ते हेच. ती दोन गिऱ्हाइकं नाहीत, एकच आहे. शब्द उमटून पुरा झाल्याशिवाय सर्च पाठवायचा नाही, एवढी दुरुस्ती थीममध्ये, म्हणजे साइटच्या साच्यात, करता येते. येणाऱ्याला अर्ध्या तासाचं काम आहे.

तोवर असं करा. अ‍ॅपमधून नोंदी स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या. त्यात भेटीचा क्रमांक आणि वेळ असेल. एका भेटीत पाठोपाठ वाढत गेलेल्या शब्दांपैकी फक्त शेवटचा ठेवा, बाकीचे उडवा. तुमच्या घरचे आणि दुकानातले सर्चही उडवा. मग 'निकाल नाही' पुन्हा मोजा. आधीच्या अडतीसला काही अर्थ नाही, तो पुसून टाका.

सर्च कन्सोलचं म्हणाल तर दोन्ही खरं आहे. तिथे दिसतो तो गूगलवर शोधणारा माणूस, ज्याला तुम्ही अजून माहीत नाही. अ‍ॅपमध्ये दिसतो तो तुमच्या उंबऱ्याच्या आत आलेला. बाहेरचा 'ओरिजिनल कोल्हापुरी' म्हणतो आणि आत आल्यावर 'कानवाली' मागतो. शिवाय फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द गूगल खासगीपणासाठी यादीत दाखवतच नाही, त्यामुळे 'करकरी' तिथे कमी दिसली म्हणून तिला मागणी नाही असं समजू नका.

गूगल अ‍ॅनालिटिक्सही लावलं असेल तर एक ध्यानात घ्या. ते सर्चच्या निकालांचं पान उघडलं की नोंद घेतं. सुचवणीवर बोट लावून कोणी थेट चपलेच्या पानावर गेलं तर तो सर्च तिथे येत नाही. त्यामुळे त्याचा आकडा अ‍ॅपपेक्षा कमी असणार. जुळत नाही म्हणून रात्र घालवू नका, मी घालवली आहे.

प्रतिसाद, संकेश्वरहून (मिरची, मसाले):

मी थोडं उलट सांगतो, राग मानू नका. महिन्याला सहाशे सर्च, आणि त्यातलेही निम्मे तुकडे. एवढ्यासाठी दरमहा पैसे का भरायचे? शॉपिफायचं स्वतःचं सर्च अँड डिस्कव्हरी फुकट आहे, समानार्थी शब्द त्यात भरता येतात. बाकी वही घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फोनवर गिऱ्हाईक ज्या शब्दात मागतं तो शब्द तसाच्या तसा लिहून ठेवा. संकेश्वरी मिरचीला लोक लवंगी म्हणतात, जवारी म्हणतात, नुसतं 'आपली तिखट' बी म्हणतात. हे मला अ‍ॅपने नाही सांगितलं, बायकांनी फोनवर सांगितलं. तुमच्या सासऱ्यांना शेजारी बसवून घ्या. चाळीस वर्षांचा अहवाल त्यांच्याकडे आहे.

प्रतिसाद, अथणी:

आमचं घर कन्नड, शाळा मराठी, म्हणून इथे वाचत असतो. कन्नड गिऱ्हाइकासाठी नुसतं 'चप्पली' भरून चालणार नाही, अक्का. आमच्याकडे जुनी माणसं 'मेट्टु' म्हणतात. कन्नड लिपीत दोन्ही भरा. आणि अथणीच्या मालाला 'कोल्हापुरी' लिहायला बिचकू नका. जीआयमध्ये (भौगोलिक मानांकनात) महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. जे 'ओरिजिनल' शोधतात त्यांना हे पानावर दिसू दे. आमच्या गल्लीतल्या माणसांचं काम आहे ते, दुय्यम नव्हे.

प्रतिसाद, मूळ वडगाव, सध्या पुणे:

समानार्थी शब्दांबद्दल एक खबरदारी. 'पायताण' म्हणजेच 'चप्पल', ही जोडी दोन्ही बाजूंनी चालते. पण 'कानवाली' आणि 'चप्पल' एकमेकांना समान करून टाकलं तर कानवाली शोधणाऱ्याला सगळा ढीग दिसेल. निकाल मिळाला म्हणून अहवाल खूश, गिऱ्हाईक मात्र रिकाम्या हाती परत. अशा शब्दांसाठी त्या अकरा चपलांच्याच नावात आणि वर्णनात 'कानवाली' लिहा. त्याचा दुसरा फायदा असा की समानार्थी शब्दांची यादी अ‍ॅपच्या पोटात राहते, गूगलला ती दिसत नाही. गूगल वाचतं ते पानावरचं लिखाण.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस बसून काम केलं, आता सांगते काय झालं ते.

तुकडे, मी आणि सासऱ्यांनी केलेले सर्च, सगळं उडवल्यावर ६१२ चे १७४ उरले. 'निकाल नाही' ४१. म्हणजे अडतीस नव्हे, चोवीस टक्के. तेही कमी नाहीत, पण आता ते ४१ मी एकेक करून वाचू शकले. संकेश्वरच्या दादांचं ऐकून सासऱ्यांना शेजारी बसवलं होतं. मी शब्द वाचायची, ते सांगायचे.

१३ कानवालीचे, वेगवेगळ्या शुद्धलेखनात. ते तुम्ही म्हणालात तसं चपलांच्या नावातच घातलं. ४ कन्नड लिपीतले, त्यात दोन खरंच 'मेट्टु' निघाले. अथणीच्या अण्णांना विशेष धन्यवाद, मला तो शब्द ओळखूच आला नसता.

९ जण नंबर शोधत होते. 'नऊ नंबर', '९ नंबर', 'नंबर ९ रुंद'. आमच्याकडे माप इंग्रजी आकड्यात आहे, त्यामुळे देवनागरी ९ टाकणाऱ्याला काही मिळत नव्हतं. मराठी आकडा टाकला म्हणून माणूस परत जातो, हे मला या नोंदी वाचल्याशिवाय कळलंच नसतं. सध्या प्रत्येक मापाला दोन्ही आकड्यांचे टॅग लावतेय. आणि 'रुंद' हा शब्दही. पंजा रुंद असलेल्या माणसाला कोणती बसेल हे सासरे पाय बघून सांगतात, ते पानावर कुठेच नव्हतं.

६ जण 'पावसाळी कोल्हापुरी' शोधत होते. इथे मी समानार्थी काही भरणार होते, सासऱ्यांनी हात धरला. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, भिजलं की फुगतं आणि आकार सोडतं. पावसात घालायची वस्तूच नाही ती. तेव्हा तो शब्द टाकला की आता एक छोटं पान उघडतं: पावसात घालू नका, भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा, मग तेल द्या. विक्री होणार नाही त्यातून, चालेल.

५ जण लहान मुलांची शोधत होते. ती आमच्याकडे नाहीतच. इथे शब्द चुकलेला नव्हता, मालच नव्हता. सासऱ्यांनी मदभावीला फोन केला, दोन डझन जोड सांगितलेत, पाच वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतच्या मापात. मुलांच्या चपलेला कान ठेवायचे की नाही यावर दोघे फोनवर अर्धा तास बोलत होते. उरलेले ४ आम्हाला दोघांनाही उलगडले नाहीत.

'बेळगाव' आणि 'बेळगावी' दोन्ही सगळीकडे घातलं. अ‍ॅपचे पैसे मात्र एकच महिना भरतेय, थीममधली दुरुस्ती झाल्यावर आकडा कसा दिसतो तेवढं बघायला. मग फुकटच्यावर येईन.

आता एक नवीन गाठ आहे. कापशी आणि कुरुंदवाडी या दोन वेगळ्या तऱ्हा. पण अहवालात दिसतंय की बरेच जण कुरुंदवाडी टाकतात आणि शेवटी कापशीवर क्लिक करून तीच घेतात. समान केलं तर विक्री सोपी होईल. सासरे म्हणतात, दोन वेगळ्या कामांची नावं आपणच एक करून टाकली तर दहा वर्षांनी कुरुंदवाडी मागणारं कुणी उरणार नाही. मला त्यांचं पटतंय, पण गिऱ्हाइकाला रिकामं पानही दाखवायचं नाही. कुरुंदवाडीचे जोड सध्या दोनच शिल्लक आहेत. दोन्ही सांभाळून हे सर्चमध्ये कसं बसवायचं, कुणी केलंय का?